आक्रमणापूर्वीची नजर

कबड्डीचा सामना पाहून घराकडे परतणाऱ्या मंडळींच्या बोलण्यात चढाई करणाऱ्याने पाय कसा सोडवून घेतला, कोपऱ्यातल्या गड्याने घोटा कसा धरून ठेवला, मध्यरेषेला बोट लागले की नाही यावरून पंचांशी हुज्जत कशी झाली, याच गोष्टी असतात. परंतु चढाई करणारा प्रतिपक्षाच्या अंगणात पाऊल टाकण्यापूर्वी आणि टाकल्यानंतरच्या पहिल्या दोन-तीन क्षणांत समोरच्या सात जणांनी काय पाहिले, त्यावरून कोणता तर्क बांधला आणि त्या तर्काला अनुसरून आपली जागा अर्ध्या पावलाने का बदलली, याची कैफियत सहसा कोणी देत नाही. वास्तविक पकडीचा निकाल पुष्कळदा तेथेच मुक्रर झालेला असतो. हात पुढे होतात, मिठी पडते, धूळ उडते, तो त्या निकालाचा केवळ अंमल होय.

जालना जिल्ह्याच्या परतूर तालुक्यातील आष्टी हे, बीड व वर्धा जिल्ह्यांतील आपल्या नामबंधूंहून निराळे, काळ्या जमिनीचे गाव. निजामाच्या राज्यात परभणी जिल्ह्याचा भाग असलेला आणि पुढेही अनेक वर्षे तेथेच राहिलेला हा तालुका १ मे १९८१ रोजी जालना जिल्हा अस्तित्वात आला तेव्हा त्यात सामील झाला. या मुलुखात कबड्डीचे मैदान उभे करायला चुन्याच्या फक्कीवाचून आणि पोरांच्या हौसेवाचून दुसरी कसली तजवीज करावी लागत नाही; म्हणूनच येथल्या मुलाला अंग झोकून देणे, पडणे, पडूनही न सोडणे या गोष्टी शिकवाव्या लागत नाहीत, त्या त्याच्या अंगी बालपणीच येतात. शिकवावे लागते ते पाहणे. आपल्याकडच्या तालमीत ते जवळजवळ शिकवलेच जात नाही, ही माझी तक्रार आहे, आणि या लेखाचे प्रयोजनही तेच आहे.

हुतूतू या नावाने महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या नांदलेला हा खेळ १९३६ साली अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने बर्लिन ऑलिंपिकच्या प्रसंगी परदेशी प्रेक्षकांपुढे करून दाखवला, १९५० साली त्याचा अखिल भारतीय महासंघ स्थापन झाला आणि १९९० साली बीजिंगच्या आशियाई स्पर्धेत त्याला पदकाचा मान मिळाला. या वाटचालीत शंकरराव तथा बुवा साळवी यांनी घेतलेले कष्ट इतके मोठे की त्यांचा जन्मदिवस, १५ जुलै, महाराष्ट्रात कबड्डी दिन म्हणून पाळला जातो. नियम एकसारखे झाले, पुरुषांसाठी मैदान तेरा मीटर लांब व दहा मीटर रुंद असे ठरले, माती गेली आणि मॅट आली; आणि जसजसा खेळ शास्त्रशुद्ध होत गेला तसतसा बचाव करणाऱ्यांच्या उभे राहण्यालाही एक शास्त्र प्राप्त झाले.

ते शास्त्र समजून घ्यायला सात गड्यांची मांडणी डोळ्यांपुढे आणावी. दोन टोकांना दोन कोपरारक्षक, त्यांच्या लगत आतल्या बाजूला एकेक गडी, त्यांच्या आत डावा व उजवा मध्यरक्षक, आणि मधोमध सातवा. टोकांना दोघा-दोघांच्या जोड्या आणि मध्ये तिघे, अशी ही मांडणी पुष्कळ संघ पसंत करतात. जोडीतले गडी एकमेकांचे हात धरतात ते केवळ बळ वाढावे म्हणून नव्हे. हातात हात असला की तोंडाने अक्षर न उच्चारता बोटांच्या दाबाने इशारत देता येते, आणि एक पुढे झेपावला तर दुसरा त्याच्या मागे ओढला जाऊन परतीची वाट आपोआप अडते. चढाई डाव्या कोपऱ्याकडे वळली की उजवीकडची साखळी मध्यरेषेच्या बाजूने फिरून येते. चढाई करणाऱ्याच्या पुढे जाण्यावर नव्हे, तर मागे फिरण्यावर बचावाची खरी नाकेबंदी असते. कोपरारक्षक पाय धरतो, मध्यरक्षक वाट बंद करतो किंवा धडक देऊन प्रतिपक्ष्याला मैदानाबाहेर घालवतो, आणि या दोन कृत्यांमध्ये अर्ध्या क्षणाचेही अंतर पडले तर दोघेही बाद होतात.

आता त्या सातांनी पाहायचे काय? प्रथम पाय. समोरच्याचा कोणता पाय पुढे आहे, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे शरीराचा भार कोणत्या पायावर आहे, हे पाहणाऱ्याला अर्धी चढाई आधीच कळते. कारण ज्या पायावर भार आहे तो पाय त्या क्षणी उचलता येत नाही, म्हणून तो धरण्याजोगा असतो, आणि ज्यावर भार नाही तोच लाथेसाठी किंवा बोनस रेषेपलीकडे टेकवण्यासाठी मोकळा असतो. बैलबाजारात जाणता शेतकरी बैलाच्या शिंगांकडे किंवा झुलीकडे न पाहता त्याला दहा पावले चालवून कोणता खूर तो जपून टेकतो हे पाहतो, त्याच नजरेने कोपरारक्षकाने समोरच्या गड्याची पावले पाहावीत. त्यानंतर खांद्यांची दिशा. डोळे फसवतात, हात तर मुद्दामच फसवण्यासाठी फिरवले जातात, पण खांदे आणि कंबर यांना खोटे बोलणे कठीण जाते.

मग येतो हिशेब, आणि येथे पुष्कळ चांगले गडी उणे पडतात. मैदानावर सहा किंवा सात बचावपटू असतील तरच बोनस गुण मिळू शकतो. तेव्हा आपण सहा असताना समोरचा बोनस रेषेच्या अलीकडची ‘निदान रेषा’ ओलांडून आत शिरू पाहत असेल तर त्याला गडी टिपायचा आहे की एक पाय बोनस रेषेपार टेकवून, मागचा हवेत ठेवून, परत फिरायचे आहे, हा प्रश्न प्रत्येकाच्या मनात आधीच उपस्थित झालेला असला पाहिजे. आपण पाच झालो की हा प्रश्न मिटतो आणि दुसरा उभा राहतो. आपण तिघे किंवा त्याहून कमी उरलो असता केलेली पकड अव्वल पकड ठरून दोन गुण देते, म्हणून अशा वेळी प्रतिपक्षाचा शहाणा गडी आत शिरायला कचरतो, आणि त्याचे ते कचरणे त्याच्या पहिल्या दोन पावलांत दिसते. प्रो कबड्डी या व्यावसायिक स्पर्धेत लागोपाठ दोन चढाया निष्फळ गेल्या की तिसरीत गुण मिळवलाच पाहिजे, अन्यथा चढाई करणारा बाद होतो. म्हणजे तिसऱ्या चढाईत तो थांबणार नाही, तीस सेकंदांची मुदत संपण्याआधी कोठे तरी हात किंवा पाय घालणारच, हे आपल्याला ठाऊक असते. अशा चढाईत बचावाने उतावीळ होणे हा अपराध आहे.

हाच विचार एका संपूर्ण राष्ट्राने केवढ्या विस्ताराने केला आहे, हे पाहायचे असेल तर अमेरिकन फुटबॉलकडे वळावे लागते. आपण ज्याला फुटबॉल म्हणतो त्याच्याशी या खेळाचा फारसा संबंध नाही. शंभर यार्डांचे मैदान, दोन्हीकडे अकरा-अकरा गडी, लांबट चेंडू, आणि दहा यार्ड पुढे सरकण्यासाठी चार प्रयत्न. प्रत्येक प्रयत्नापूर्वी खेळ पूर्ण थांबतो. चेंडू जमिनीवर ठेवला जातो, दोन्ही फौजा त्याच्या दोन बाजूंना समोरासमोर उभ्या राहतात, आणि चढाई करणाऱ्या बाजूचा मधला गडी आपल्या पायांमधून तो मागच्या सूत्रधाराच्या, म्हणजे क्वार्टरबॅकच्या, हाती सोपवतो तेव्हाच झुंज सुरू होते. चेंडू सोपवण्याच्या या क्रियेला स्नॅप म्हणतात. वॉल्टर कॅम्प या येलच्या खेळाडूच्या पुढाकाराने १८८० साली हा नियम आला, आणि त्या दिवसापासून या खेळात एक विलक्षण गोष्ट जन्मली: आक्रमणाआधीची स्तब्धता. तेथल्या व्यावसायिक सामन्यांत एक प्रयत्न संपल्यापासून पुढचा सुरू होईपर्यंत साधारणतः चाळीस सेकंदांची मुदत असते, आणि त्या मुदतीत बचावाच्या बाजूला जे दिसते त्याचे वाचन करण्यात तिकडच्या खेळाडूंची आयुष्ये जातात.

या वाचनाला आधार देतात ते नियमच. आक्रमकांपैकी किमान सात जणांनी चेंडूच्या रेषेवर उभे राहिलेच पाहिजे. एकदा जागा घेतल्यावर सर्वांनी पूर्ण एक सेकंद निश्चल राहिले पाहिजे. स्नॅपच्या क्षणी फार तर एकाच गड्याला हालचाल करण्याची मुभा, तीही पुढच्या दिशेने नव्हे. बचावाच्या बाजूवर मात्र असले बंधन नाही, ती आपल्या हद्दीत शेवटच्या क्षणापर्यंत हवी तशी सरकू शकते. म्हणजे आक्रमकाला आपला डाव मांडूनच दाखवावा लागतो आणि बचाव करणाऱ्याला तो पाहून आपली मांडणी बदलण्याचा अधिकार असतो. मला हा नियम फार न्याय्य वाटतो.

वाचन सुरू होते ते मैदानावर कोण आले येथपासून. धावून चेंडू नेणारे किती, रेषेच्या टोकाला लागून अडवणारे आणि प्रसंगी चेंडू झेलणारे धिप्पाड गडी किती, यांची संख्या दोन अंकांत सांगितली जाते. अकरा म्हटले की एक धावणारा, एक धिप्पाड टोकरक्षक, आणि उरलेले तिघे दूर पसरून चेंडू झेलणारे. बावीस म्हटले की दोन आणि दोन, म्हणजे जोर लावून जमिनीवरून रेटा देण्याचा बेत संभवतो. त्यानंतर कोणत्या बाजूला गडी जास्त आहेत, क्वार्टरबॅक मधल्या गड्याला चिकटून उभा आहे की चार-पाच यार्ड मागे, झेलणारे कडेच्या रेषेला खेटून आहेत की आत सरकले आहेत, दोघे एकामागे एक उभे आहेत काय, हे सारे क्षणार्धात टिपून मधला बचावपटू, जो त्या फौजेचा सरनौबतच म्हणावा, ओरडून हुकूम देतो आणि प्रत्येक जण आपली फट सांभाळायला सरकतो. फट हा येथला मोठा शब्द आहे. आक्रमकांच्या रांगेतल्या दर दोघांमधल्या जागेला एक अक्षर दिलेले असते आणि प्रत्येक फटीची जबाबदारी कोणा ना कोणाच्या नावावर चढवलेली असते. बेवारस फट राहिली की तेथूनच शत्रू आत येतो.

आणि रांगेत खाली वाकून हात टेकलेल्या त्या अगडबंब गड्यांचे काय पाहतात? टेकलेल्या बोटांवरचा भार. बोटे दाबली जाऊन पांढरी पडली असतील तर तो पुढे मुसंडी मारणार, म्हणजे चेंडू धावत नेला जाणार; हात नुसता टेकवलेला आणि भार टाचांवर असेल तर तो मागे सरून आपल्या क्वार्टरबॅकचे रक्षण करणार, म्हणजे चेंडू फेकला जाणार. आष्टीच्या कोपरारक्षकाने ज्या गोष्टीकडे पाहायचे, नेमकी तीच गोष्ट हजारो किलोमीटरांवरचा बचावपटू पाहतो, हे वाचले तेव्हा मला फार आनंद झाला. मनुष्यदेहाला भार टाकल्यावाचून झेप घेता येत नाही, आणि हा भार लपवणे दोन्हीकडे सारखेच दुष्कर आहे.

वाचन न आल्यास काय होते याचा दाखला तिकडच्या व्यावसायिक स्पर्धेच्या ८ डिसेंबर १९४० च्या अंतिम सामन्यात मिळतो. तीनच आठवड्यांपूर्वी वॉशिंग्टनच्या संघाने शिकागो बेअर्सना ७-३ असे हरवले होते. पण त्या दिवशी शिकागोने टी नावाची मांडणी नव्या रूपात आणली, क्वार्टरबॅक थेट मधल्या गड्यामागे, त्याच्या मागे तिघे, आणि स्नॅपच्या आधी त्यांतला एक जण आडवा पळत सुटलेला. समोरच्यांना त्या पळणाऱ्याच्या मागे जावे की जागा धरावी हेच उमगेना. शिकागोने ७३-० असा विजय मिळवला. बळात इतका फरक तीन आठवड्यांत पडत नसतो.

याच्या उलट दाखला १ फेब्रुवारी २०१५ चा, अ‍ॅरिझोनातील ग्लेंडेल येथल्या सुपर बोल या अंतिम सामन्याचा. न्यू इंग्लंड २८, सिअ‍ॅटल २४. सिअ‍ॅटलचा चेंडू गोलरेषेपासून एका यार्डावर, आणि घड्याळात २६ सेकंद. सिअ‍ॅटलचे दोन झेलणारे उजव्या बाजूला एकामागे एक उभे राहिले. समोर न्यू इंग्लंडचे ब्रँडन ब्राउनर आणि माल्कम बटलर. ब्राउनर पूर्वी सिअ‍ॅटलकडूनच खेळलेला, त्यांच्या सवयी जाणणारा. बटलर पहिल्याच वर्षाचा, वार्षिक निवडीत कोणत्याही संघाने न घेतलेला. या मांडणीतून पुढचा गडी बचावपटूला अडवतो आणि मागचा त्याच्या आडोशाने तिरपा आत घुसून चेंडू झेलतो, हे सरावात बटलरने पाहिले होते आणि तेथे तो चुकलाही होता. या वेळी स्नॅप होताच ब्राउनरने पुढच्याला जागीच रोखून धरले आणि बटलर झेलणाऱ्याच्या आधी त्या जागी पोहोचून चेंडू घेऊन गेला. सामन्याचा निकाल तेथेच लागला. बटलरची धाव लोकांनी हजारदा पाहिली असेल. मला मात्र त्याच्या आधीचा तो एक सेकंद, ज्यात दोघे उभे असलेले पाहून त्याला पुढचे सारे कळले, अधिक मोलाचा वाटतो.

हा खेळ आपल्याकडेही येऊन गेला. २०१२ साली एलिट फुटबॉल लीग ऑफ इंडिया या नावाने झालेल्या स्पर्धेत मुंबई ग्लॅडिएटर्स आणि पुणे मराठाज हे संघ होते व पहिले विजेतेपद पुण्याच्याच संघाकडे गेले; पण सामान, पैसा आणि प्रेक्षक या तिन्हींच्या अभावी तो येथे रुजला नाही. रुजायलाच हवा होता असेही मी म्हणत नाही. त्याची पाहण्याची विद्या मात्र उचलण्याजोगी आहे.

अर्थात ती जशीच्या तशी उचलता येणार नाही, कारण दोन खेळांत एक मूलभूत भेद आहे. अमेरिकन फुटबॉलमध्ये मांडणी आक्रमकांची असते आणि बचाव ती वाचतो. कबड्डीत आक्रमक एकटा, मांडणी सात बचावपटूंची, आणि ती वाचत वाचतच तो आत येतो. म्हणजे येथे वाचन दुहेरी आहे. कोणता मध्यरक्षक आज एक पाऊल पुढे उभा आहे, कोणत्या जोडीने हात सोडले आहेत, कोणता कोपरा नवखा आहे, हे मुरलेला चढाईपटू मध्यरेषेवरूनच हेरतो. म्हणून बचावाला स्वतःचे मनोगत झाकण्याचीही कला लागते. मुद्दाम मागे सरून आमंत्रण द्यावे, थकल्यासारखे दाखवावे, कोपरा उघडा भासवावा, आणि समोरचा त्या बाजूला झुकताच मधून धडक द्यावी. फुटबॉलमध्येही बचावपटू रेषेवर येऊन हल्ल्याचा आव आणतात आणि स्नॅप होताच मागे पसरतात. गुप्ततेची ही गरज तेथे इतकी जुनी आहे की गडी गोल घोळका करून मसलत करतात ती रीत १८९० च्या दशकात वॉशिंग्टनच्या गॅलॉडेट या कर्णबधिरांच्या महाविद्यालयात, आपल्या हातांच्या खुणा प्रतिपक्षाला दिसू नयेत म्हणून पडली, असे मानतात.

पाहण्याच्या विद्येकडे केलेले दुर्लक्ष भारताला २३ ऑगस्ट २०१८ रोजी जकार्तात फार महाग पडले. १९९० पासून लागोपाठ सात आशियाई सुवर्णपदके जिंकलेला आपला पुरुष संघ उपांत्य सामन्यात इराणकडून २७-१८ असा हरला. त्या इराणी बचावाचा डावा कोपरा सांभाळणारा फजल अत्राचली प्रो कबड्डीत यू मुंबा आणि पाटण्याच्या संघांतून कित्येक हंगाम खेळलेला होता. आपल्या चढाईपटूंची पावले, त्यांच्या लकबी, थकल्यावर ते कोणत्या बाजूला वळतात, हे त्याला आणि त्याच्या सोबत्यांना आपल्याच स्पर्धेत, आपल्याच गड्यांच्या सहवासात, रोजच्या पाहण्याने ठाऊक झाले होते. इराणच्या ताकदीचे गोडवे तेव्हा पुष्कळांनी गायले. ताकद होतीच, पण ताकद आपल्याकडेही काही कमी नव्हती. पुढे १ मार्च २०२४ रोजी अस्लम इनामदारच्या नेतृत्वाखाली पुणेरी पलटणने हरियाणाला २८-२५ असे नमवून प्रो कबड्डीचे आपले पहिले विजेतेपद मिळवले तेव्हा त्या संघाचा डावा कोपराही मोहम्मदरेझा शादलुई या इराणी गड्याकडेच होता. विद्या परक्याने आपल्याकडून नेली आणि आपण ती पुन्हा त्याच्याकडून भाड्याने घेतली, असे मला त्या वेळी वाटले, आणि ते अजूनही खुपते.

म्हणून आष्टीसारख्या गावी सायंकाळी जी मुले-मुली जमतात त्यांच्या मार्गदर्शकांना माझे एक सांगणे आहे. रोजच्या सरावातला थोडा वेळ पकडीविना जाऊ द्यावा. सातांनी जागा घ्याव्यात, आठव्याने दम घेऊन मध्यरेषा ओलांडावी, चार पावले टाकावीत, आणि शिट्टी वाजताच जेथे असेल तेथे थिजावे. मग मार्गदर्शकाने एकेका बचावपटूला विचारावे: भार कोणत्या पायावर आहे, आपण किती उरलो आहोत, बोनस आहे की नाही, ही कितवी चढाई, तो येथून कोठे जाईल, आणि तू कोठे असायला हवास? पहिल्या आठवड्यात सातांची सात उत्तरे येतील, आणि प्रत्येकाला आपलेच खरे वाटेल. शिट्टी पुन्हा वाजवून चढाई पुढे चालू द्यावी, म्हणजे कोणाचे खरे होते ते कोणी न सांगता कळते. प्रश्न विचारताना आरंभ नेहमी सर्वांत अबोल गड्यापासून करावा; वाचाळ मुलाचे उत्तर आधी ऐकले की बाकीचे सहा जण त्याचेच उत्तर देऊन मोकळे होतात आणि स्वतः पाहायचे विसरतात.